भूषणचं नाटक, माझं कपाट

नाटक कोणतंही असो, मध्यंतरापर्यंत मला त्याचा शेवट कळतोच! ही बढाई नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत माझं निम्मं आयुष्य गेलं, तिथल्या कुणालाही विचारा. चौदा एप्रिल आला की जयंतीच्या मंडपात नाटक व्हायचं. घराघरांतल्या चादरी जोडून पडदा, आणि केस पांढरे करायला चिमणीची राख, ती तर कॉलनीत फुकट आणि घरपोच! नाटक सुरू झालं की मी शेजारणीला सांगून टाकायचे, "हा मुनीम लबाड आहे बघ. आणि ती वेडी भिकारीण त्याची बहीण निघणार!" निघायचीच! पुढं पुढं बायका माझ्या शेजारी बसायला तयार होईनात. म्हणायच्या, "लताबाईंच्या शेजारी बसलं की फुकटच्या नाटकाचेही पैसे बुडाल्यासारखं वाटतं!"

त्या वेळची नाटकं होतीही सरळ. माणसाला दुःख झालं की तो पुढं यायचा, छातीवर हात ठेवायचा आणि सांगायचा, "मला फार दुःख झालं आहे!" मागून पेटी वाजायची. आमच्या यांनी, म्हणजे निवृत्तींनी, एकदा जमीनदाराचं काम केलं, तर कॉलनीतली पोरं कित्येक दिवस आमच्या दारावरून पळत जायची. एवढा स्वच्छ कारभार!

अशा मला आयुष्यात एकाच नाटककारानं हरवलं. आणि तो निघाला माझा सख्खा नातू!

नातवाचं नाव बुद्धभूषण. आम्ही भूषण म्हणतो. दिवसा एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहितो. तीही साधीसुधी नाहीत, मनोवैज्ञानिक! म्हणजे काय, तर माणूस बोलतो एक, त्याच्या मनात असतं दुसरं, आणि प्रेक्षकाला कळतं तिसरंच. त्याच्या पहिल्या नाटकात एक माणूस सगळा वेळ भिंतीकडं तोंड करून उभा होता. मी हळूच विचारलं, "शाळेत शिक्षा केलीय का रे त्याला?" दुसऱ्या नाटकात नवरा-बायको रिकाम्या कपांतून चहा पीत होते. मला वाटलं, दूध नासलं असेल. तर भूषण म्हणाला, "आजी, त्यांचं नातं नासलंय!" आता हे मला रांगेत बसून कसं कळावं?

माझा मुलगा दीपक, म्हणजे भूषणचा बाप, याला तर नाटकात बसल्या बसल्या झोप लागते. भूषणच्या नाटकांत शांतता फार. त्या शांततेत दीपकचं घोरणं शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतं. मागच्या वर्षीच्या स्पर्धेत परीक्षकांनी लिहिलं होतं, 'पार्श्वसंगीत परिणामकारक, पण थोडं कमी हवं होतं.'

यंदा मात्र गोष्ट गळ्याशी आली. भूषणला कंपनीनं बढती देऊ केली, पण पुण्याला. दीपकनं जेवताना जाहीर करून टाकलं, "हे शेवटचं वर्ष! नाटक अंतिम फेरीत गेलं तर माझं काही म्हणणं नाही, रहा नाशिकला आणि लिही. नाही गेलं, तर बॅग भरायची आणि पुणं गाठायचं. नाटक बंद!"

"ठीक आहे बाबा," भूषण म्हणाला. आणि भाकरीचा तुकडा ताटातच ठेवून उठला.

त्याच्या नाटकातलं मला काही कळत नसलं, तरी अर्धी टाकलेली भाकरी मला कळते. मी ठरवलं, यंदा या पोराला मदत करायची.

इथूनच बिघडलं सगळं!

नव्या नाटकाचं नाव 'तळकप्पा'. त्याचं वाचन आमच्याच हॉलमध्ये झालं. रवी आला. तो दिग्दर्शक आणि नाटकात नवऱ्याचं काम करणारा. राखी आली. ती बँकेत नोकरीला, एरवी बोलायला लागली की गावच्या यात्रेतला पाळणा, थांबायचं नाव नाही. पण नाटकात तिला बोलायला फार थोडं. आणि नेपथ्य करणारी पिंकी, जिच्या केसांत कायम कुठला तरी रंग लागलेला असतो.

नाटकातली बाई सगळा वेळ एका कपाटासमोर बसून असते. नवरा म्हणतो उघड, ती उघडत नाही. मुलगा म्हणतो उघड, ती उघडत नाही. शेवटी ती उठते, कपाटाच्या मुठीवर हात ठेवते, आणि अंधार! संपलं!

रवीनं डोळे मिटले होते. राखीनं श्वास सोडला.

"पण आत काय असतं?" मी विचारलं.

"आजी," भूषण म्हणाला, "ते महत्त्वाचं नाही."

"असं कसं? बाई एवढी कपाटाला धरून बसलीय आणि महत्त्वाचं नाही?"

"आत तिचा अपराधगंड आहे," रवी डोळे न उघडता म्हणाला.

"मला वाटतं, आत तिची आई आहे," राखी म्हणाली.

"अगं बाई! कपाटात?"

"म्हणजे आईची आठवण हो आजी!"

"आत काही नाही," पिंकी म्हणाली. "रिकामं ठेवायचंय. उचलायला जड होतं."

एका कपाटाची अशी निरनिराळी उत्तरं! मी कोड्यात पडले. संध्याकाळी शेजारच्या मालनबाईंना सगळं सांगितलं. मालनबाई मूळच्या सायखेड्याच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांना कुठल्याही गोष्टीचं उत्तर तयार असतं.

"लय सोप्पं हाय," त्या शेंगा सोलत म्हणाल्या. "बाईमानूस कपाट उघडत नाय म्हंजे आत सासूच्या पाटल्या! तिनं वाटणीच्या वेळी दाबल्या असतीन. भूषणला म्हनावं, उगा लोकांना ताटकळू नको."

मी हा निरोप भूषणला दिला. तो उठून आपल्या खोलीत गेला.

तालमी खुर्चीला कपाट समजून चालल्या होत्या. खरं म्हणजे पिंकीनं प्लायवूडचं कपाट तयार केलं होतं. पण राखीनं त्याच्या मुठीवर हात ठेवला की ते कपाट थरथरायचं. राखीपेक्षा तेच जास्त अभिनय करायचं! एक दिवस तर मूठच तिच्या हातात आली. सगळे डोक्याला हात लावून आमच्या घरी बसले होते. प्रयोग दोन दिवसांवर आलेला. एवढ्यात पिंकीची नजर माझ्या खोलीत गेली आणि तिथंच थबकली.

"आजी... हे कपाट!"

ते कपाट यांनी केलेलं. वीज केंद्रात परदेशातून यंत्रं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. ती खोकी नंतर लिलावात निघायची आणि कॉलनीतल्या घराघरांत पाट, पलंग होऊन उगवायची. आमचं कपाट त्याच लाकडाचं. पाठीवर अजूनही परक्या लिपीतली अक्षरं आहेत, छत्रीचं चित्र आहे, काचेच्या पेल्याचं चित्र आहे आणि वरच्या दिशेचा एक बाण आहे.

पिंकीनं कपाटामागं डोकं घातलं आणि ओरडली, "रवीदादा! बाण बघ! काय अर्थपूर्ण आहे!"

"कपाट उलटं ठेवू नये म्हणून आहे तो," मी म्हणाले. पण ऐकतंय कोण? रवी बाणाकडं असा बघत होता की जणू तो बाण त्याच्या काळजातूनच निघालाय.

हौशी नाटकवाल्यांची ही जुनीच रीत. कुणाचा सोफा, कुणाचं घड्याळ, कुणाच्या सासूबाईंचा पितळी तांब्या. प्रयोगाच्या दिवशी अर्ध्या प्रेक्षकांचं लक्ष नाटकाकडं आणि अर्ध्यांचं आपल्या तांब्याकडं! मी लगेच हो म्हणाले.

"आज रिकामं करून ठेवते हं."

"नको आजी!" भूषण एकदम म्हणाला. "वरचं काढ, उचलायला हलकं होईल. पण तळाच्या कप्प्यात काहीतरी असू दे. राखीला वाटलं पाहिजे की आत खरंच काहीतरी आहे."

"काय ठेवू?"

"तुला वाटेल ते. मला सांगू नकोस. राखीला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस!"

आता मला सांगा, माझ्यासारख्या बाईला हे काम देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं! त्या बाईच्या कपाटात काय आहे ते ठरवायचा अधिकार साक्षात नाटककारानं मला दिला! त्या दिवशी मी वरणाला दोनदा मीठ घातलं. डोक्यात एकच. जगाला दाखवता येत नाही असं काय असेल तिच्याकडं? नवऱ्यापासून लपवायचं, मुलापासून लपवायचं...

आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलापासून मी काय लपवते? डिंकाचे लाडू! दीपकला साखरेचा त्रास आहे आणि लाडू दिसला की त्याला ते आठवत नाही. म्हणून मी लाडूंचा गोल स्टीलचा डबा कधी पिठाच्या पिंपात, कधी गोधड्यांच्या मागं असा फिरता ठेवते. बाई कुठलीही असो, ती आधी लपवते ते खाणं! मला नाटक कळलं होतं! मी डबा तळाच्या कप्प्यात ठेवला, दार लावलं आणि कुणालाही म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. मालनबाईंनाही नाही. ओठ शिवल्यासारखे दुखत होते!

प्रयोगाच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. तो पंचवटीच्या भाजीबाजारातला. त्यामुळं कपाट गेलं ते कोथिंबिरीच्या काड्यांवर आडवं होऊन, दोरखंडानं आवळून. मी दारात उभी राहून सांगत होते, "सांभाळून रे! त्याला सवय नाही बाहेर जायची!"

एक गोष्ट सांगायची मात्र राहिली. त्या कपाटाचं कुलूप केव्हाच बिघडलंय. दार आपोआप उघडतं. म्हणून खालच्या कोपऱ्यात फटीत एक चिंधी दाबून ठेवलेली असते. इतकी वर्षं ती तिथं आहे की ती चिंधी आहे हेच मी विसरले होते. मला तो कपाटाचाच एक भाग वाटायचा. आणि पिंकी पडली स्वच्छतेची भोक्ती! नाट्यगृहात नेल्यावर तिनं कपाट पुसलं आणि 'ही काय घाण' म्हणून चिंधी उपटून टाकली. दोरखंड मात्र तिनं पडदा उघडायच्या अगदी आधी सोडला. तोपर्यंत दार उघडायला बिचाऱ्याला वावच नव्हता!

तिसरी घंटा झाली. माझ्या एका बाजूला दीपक, दुसऱ्या बाजूला मालनबाई. पुढं टेबलामागं परीक्षक, छोट्या दिव्याच्या उजेडात. पडदा सरकला आणि मधोमध माझं कपाट! निळ्या उजेडात ते असं काही देखणं दिसत होतं की माझा ऊर भरून आला. 'हे आमचंय' असं मागच्या रांगेला सांगावंसं वाटलं. सांगितलंही.

राखी कपाटाकडं पाठ करून बसली होती. रवी येरझाऱ्या घालत होता.

"आज उघडलंस?" रवी.

शांतता.

"काल मी उघडलं नाही," राखी.

मोठी शांतता. तेवढ्यात दीपकची मान छातीवर पडली आणि पहिला सूर लागला. मी कोपरानं ढोसलं. त्यानं सूर बदलला.

मालनबाई कुजबुजल्या, "पाटल्याच असनार. बघा तुम्ही."

आणि नाटक रंगायला लागलं हो! राखी काही बोलायची नाही, पण नुसती बोटं चोळायची. वाटायचं, या पोरीला काय होतंय? मलाच प्रश्न पडला, खरंच लाडूच असतील का? मी घाईनं तर उत्तर दिलं नाही ना? आयुष्यात पहिल्यांदा नाटकातलं उत्तर मला ठाऊक नव्हतं आणि तरी मी पुढं सरकून बसले होते.

रवी पुढं आला. हात पसरून प्रेक्षकांना म्हणाला, "ते दार कधीच उघडणार नाही!"

कर्रर्र...

दार उघडलं!

सावकाश, अगदी आरामात, दुपारची झोप झालेल्या माणसानं डोळे उघडावेत तसं ते सताड उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर यांचा वीज केंद्राचा खाकी शर्ट. हे जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो शर्ट मी तिथून कधी काढला नाही. तो तिथं असतो म्हणून मला दिसतही नाही. आता तो निळ्या उजेडात, सगळ्या नाट्यगृहासमोर लटकत होता. दाराच्या हेलकाव्यानं त्याची बाही हलली. अशी हलली, जसं कुणी 'या' म्हणतंय!

सगळं प्रेक्षागृह एका श्वासात "हाऽ" म्हणालं.

रवीनं मागं बघितलं. त्याचा चेहरा कपाटापेक्षा जास्त उघडा पडला. तेवढ्यात तळकप्प्यातून माझा डबा कलंडला, खणखणत खाली आला, चाकासारखा फिरत फिरत रंगमंचाच्या कडेला गेला आणि तिथं झाकण उडून लाडू घरंगळले.

त्या आवाजानं दीपक दचकून जागा झाला. समोर बघितलं आणि भर नाट्यगृहात ओरडला, "आई! लाडू!"

"पाटल्या नायत," मालनबाई हिरमुसून म्हणाल्या.

रवी म्हणाला, "मी... मी पाणी घेऊन येतो," आणि विंगेत निघून गेला. त्या नाटकात तो शेवटपर्यंत रंगमंच सोडत नाही! राखी एकटी. ती उठली, कपाटाकडं वळली आणि शर्टासमोर थिजून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण शब्द एक नाही.

मी काय केलं ते मला विचारू नका. मला एवढंच दिसत होतं की माझं कपाट उघडं आहे, यांचा शर्ट चारचौघांत लोंबतोय आणि पोर रडतेय. मी उठले. बाजूच्या पायऱ्या चढले आणि थेट रंगमंचावर गेले!

मागून दीपकचा आवाज, "आई, अगं कुठं?"

मी दार लावलं. ते परत उघडलं. परत लावलं. परत उघडलं.

"चिंधी कुठं गेली?" मी विचारलं. माझा आवाज कॉलनीच्या मंडपात माईकशिवाय पोचायचा, तो इथंही शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग मी कमरेचा रुमाल काढला, फटीत कोंबला आणि गुडघ्यानं दार दाबलं. बसलं!

"हे असं खालून दाबायचं असतं गं," मी राखीला म्हणाले.

राखीनं माझ्याकडं बघितलं. डोळे लाल.

"आई?" ती म्हणाली.

आता ही मला आजी म्हणते. पण एवढ्या रडवेल्या पोरीला 'मी तुझी आई नाही' असं कोण सांगेल?

"काय गं बाळा?"

ती पुढं आली, माझ्या गळ्यात पडली आणि माझ्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. एवढ्याशा आवाजात. सगळं प्रेक्षागृह पुढं झुकलं. खुर्च्या करकरल्या. परीक्षक अर्धवट उभे राहिले. कुणाला काही ऐकू गेलं नाही. फक्त मला.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे," मी म्हणाले. "होतं असं माणसाचं. बस खाली. दमलीस ना? खा काहीतरी."

आम्ही दोघी तिथंच जमिनीवर बसलो. मी एक लाडू उचलला, पदरानं पुसला, अर्धा तिला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. ती रडत रडत लाडू खात होती. भूषण दिव्यांपाशी होता. त्याला काय सुचणार? त्यानं हळूहळू अंधार केला.

आणि टाळ्या! अहो, टाळ्या म्हणजे पत्र्यावर गारा! लोक उभे राहिले. उजेड झाला तेव्हा मी लाडू चघळत सगळ्यांना हात जोडत होते.

खाली उतरले तर लोकांचा गराडा. "काकू, काय सांगितलं तिनं?" "शर्ट वडिलांचा होता ना?" "ती मुलगी जिवंत असते की नसते?" मी नुसती मान हलवत होते. पहिल्यांदाच मला कळलं, न सांगण्यात केवढी चैन आहे!

ती चैन त्याच संध्याकाळी निकाल लागेपर्यंतच टिकली. परीक्षकांतल्या एक गंभीर बाई माईकवर आल्या. म्हणाल्या, "'तळकप्पा' हा या स्पर्धेतला विलक्षण प्रयोग. शेवटी आलेल्या ज्येष्ठ कलावतीचं सहज काम आम्ही विसरणार नाही." मी पदर सावरला. "मात्र," बाई पुढं म्हणाल्या, "या कलावतीचं नाव संघानं आधी दिलेल्या यादीत नाही. यादीबाहेरची व्यक्ती रंगमंचावर आल्यानं, नियमाप्रमाणे हा प्रयोग स्पर्धेतून बाद ठरतो."

बाद! माझ्यामुळं! पोराला मदत करायला गेले आणि पोराचं पुणं पक्कं करून आले!

घरी आल्यावर भूषणनं माळ्यावरची बॅग काढली आणि तिची धूळ झटकायला लागला. मी त्याच्याजवळ गेले. "भूषणा, चुकलं रे माझं."

"नाही आजी," तो म्हणाला. पण बॅगेची चेन त्याच्या हातानं लागेना.

दीपक खुर्चीत बसून होता. मला वाटलं, आता पुण्याच्या गाडीची वेळ सांगणार. तो उठला, माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"आई, ती तुझ्या कानात काय म्हणाली?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होते, आयुष्यभराची सवय! तेवढ्यात माझी नजर भूषणच्या बॅगेवर गेली. मी तोंड मिटलं.

"ते मला सांगता यायचं नाही."

"अगं, मी तुझा मुलगा आहे!"

"नाटकातही मुलालाच सांगत नाही ती."

दीपक परत खुर्चीत बसला. त्या दिवशी तो जेवताना तेच, टीव्ही बघताना तेच. "त्या शर्टाबद्दल काही होतं का? बरं, नसेल. मुलाबद्दल? तो मुलगा तिचा नव्हताच की काय?" सकाळी चहाला बसला तेव्हा त्याचे डोळे तारवटलेले! ज्या माणसाला नाटकात झोप आवरत नाही, त्याला नाटकानं घरी झोपू दिलं नव्हतं!

"भूषण," तो म्हणाला, "तुला तरी माहीत असेल. तूच लिहिलंयस."

"नाही बाबा," भूषण कसनुसा होऊन म्हणाला. "ते माझं वाक्यच नाही. राखीला विचारलं तर ती म्हणते, ते माझ्यात आणि आजीत आहे."

"म्हणजे लिहिणाऱ्यालाच माहीत नाही?" दीपकनं कप आपटला. "आणि तू निघालास पुण्याला? हे अर्धवट टाकून? काही नाही! त्या कंपनीला कळव, जमत नाही म्हणून. पुढच्या वर्षी परत करा हे नाटक. आईचं नाव यादीत घाला. मला कळलं पाहिजे, ती काय म्हणाली ते!"

भूषणनं बॅग माळ्यावर ठेवली. आणि आता तोच दिवसातून कितीदा तरी माझ्या खोलीत येतो, पाय दाबतो, पाणी आणून देतो आणि विचारतो, "आजी, फक्त मला सांग. नव्या खर्ड्यासाठी हवंय." मी म्हणते, "शोध की तूच. तू तर मनाचा माणूस!" मालनबाईंनी तर माझ्याशी बोलणंच टाकलंय. त्यांच्या मते मी आणि राखी मिळून पाटल्या दाबून बसलोय.

पण माझंही पोट काही लोखंडाचं नाही. कुठंतरी हलकं व्हायला हवं. दीपक विजेच्या बिलापलीकडं काही वाचत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. राखी माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती,

"आजी, कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासानं माझे डोळे चुरचुरतायत, आणि मला पुढचं एकही वाक्य आठवत नाहीये!"

एवढंच! आता हे कुठं बोलू नका. नातवाचं सगळं मनोविज्ञान त्या एका डांबरगोळीवर उभं आहे!